राखणीची बंदूक घराबाहेर कशी सांभाळावी

कोकणात हळवे भात निसवू लागले की रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरांचा कळप शेतात शिरला म्हणजे खातो थोडे आणि तुडवतो जास्त. भाताची कापणी उरकते तोच नाचणी, त्यामागून वाल-कुळीथ, पुढे काजू आणि आंबा, असा राखणीचा हंगाम लांबतच जातो. नारळ-सुपारीच्या बागांना तर वानर-माकडांपासून बारा महिने सुटका नाही. या राखणीसाठी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर जिल्ह्याचा आजरा-चंदगडकडील भाग आणि गोवा येथील अनेक शेतकऱ्यांकडे परवान्याची बंदूक असते. पुष्कळांकडे ती ठासणीची, तर काहींकडे काडतुसाची एकनळी किंवा दुनळी असते.

घरात असेपर्यंत ही बंदूक बहुधा नीट सांभाळली जाते. तिची जागा ठरलेली असते आणि घरधन्याची नजर असते. खरी अडचण ती उंबऱ्याबाहेर पडल्यावर सुरू होते. संध्याकाळी घरापासून शेतापर्यंतची पाणंद, रात्री माळ्यावरची बैठक, पहाटे पेंगुळलेल्या डोळ्यांनी परतणे, वाटेत चहासाठी थांबणे, कधी दुरुस्तीसाठी तालुक्याला फेरी, अशा प्रत्येक ठिकाणी बंदूक दुसऱ्याच्या हाती लागण्याचा किंवा नको तेव्हा उडण्याचा धोका असतो. या लेखात घराबाहेरच्या याच वेळांचा विचार केला आहे.

दोन गोष्टी पक्क्या धराव्यात. घराबाहेर बंदूक एकतर परवानाधारकाच्या हातात असावी, नाहीतर कुलपात असावी. झाडाच्या बेचक्यात टेकवलेली, गवताच्या उडवीत लपवलेली किंवा मोटारसायकलला बांधून सोडलेली बंदूक हातातही नसते आणि कुलपातही नसते. दुसरी गोष्ट, बंदूक राखणीच्या जागेवर पोहोचल्यावरच भरावी आणि तेथून निघण्यापूर्वी रिकामी करावी. भरलेली बंदूक वाटेवर असता कामा नये.

ठासणीची बंदूक

दुसरी गोष्ट ठासणीच्या बंदुकीच्या बाबतीत सर्वांत जास्त मोडली जाते. त्याचे कारण आळस नव्हे, तर बंदुकीची रचना आहे. काडतुसाच्या बंदुकीतून काडतूस काढले की ती रिकामी झाली. ठासणीच्या नळीत मात्र दारू, बोळा, छरे आणि पुन्हा बोळा गजाने ठासून बसवलेला असतो. तो बाहेर काढायचा तर बार उडवावा लागतो. दारू आणि छरे फुकट जातात, शिवाय नळी धुण्याचे काम वाढते. म्हणून रात्री जनावर आले नाही तर शेतकरी बंदूक तशीच भरलेली घरी आणतो, खुंटीला अडकवतो आणि दुसऱ्या दिवशी तीच घेऊन निघतो. असे आठ-आठ दिवस चालते. मग पाऊस लागतो, राखण थांबते, आणि बंदूक भरलेली आहे हे घरात कोणाच्याच लक्षात राहत नाही.

बंदूक भरलेली आहे किंवा नाही हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. बंदूक नक्की रिकामी असताना नळीत गज तळापर्यंत सोडावा आणि नळीच्या तोंडाशी गजावर कानशीने खूण करावी. पुढे केव्हाही शंका आली तर आधी केप काढून टाकावी, घोडा हळूच निपलवर टेकवावा, तोंड निर्धोक दिशेला धरावे आणि बाजूला उभे राहून गज सोडावा. खूण तोंडाच्या वर राहिली तर आत बार आहे असे समजावे. नळीच्या तोंडाला डोळा लावून पाहण्याची सवय काहींना असते. तिच्याइतकी घातक सवय दुसरी नाही.

केप चढवून घोडा निपलवर टेकवलेली बंदूक ही सर्वांत धोक्याची. घोड्याच्या पाठीवर फांदी आपटली, बंदूक निसटून कातळावर पडली किंवा नुसती गडग्याला धडकली, तरी केप फुटू शकते. त्यासाठी चाप ओढावा लागत नाही. यावर उपाय म्हणून पुष्कळजण घोडा अर्ध्यावर ठेवून चालतात. नव्या बंदुकीत अर्धा घोडा घट्ट बसतो. पण आपल्याकडील बऱ्याच बंदुका वडील-आजोबांच्या काळातील आहेत व त्यांच्या खाचा झिजलेल्या आहेत. पूर्ण रिकाम्या बंदुकीच्या निपलवर चामड्याचा तुकडा ठेवावा, घोडा अर्ध्यावर आणावा आणि चाप ओढून पाहावा. घोडा पडला तर ती बंदूक दुरुस्त होईपर्यंत बाहेर नेऊ नये. न पडला तरी अर्ध्या घोड्यावर भरवसा ठेवून केप चढवलेली बंदूक खांद्याला लावणे बरोबर नाही. केपांची डबी खिशात ठेवावी. माळ्यावर किंवा बांधावर नीट बसल्यावर, नळीचे तोंड मोकळ्या बाजूला करून, मगच केप चढवावी.

केप काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असे मात्र नव्हे. राखण संपली की निघण्यापूर्वी बार मऊ मातीच्या उंच बांधात, मागे वस्ती, गुरे वा वाट नाही हे उजेडात पाहून, उडवून टाकावा. कातळावर किंवा दगडावर उडवू नये, छरे परत येतात. बार उडवणे शक्य नसेल तर नळीत पाणी ओतून दारू पूर्ण भिजवावी आणि मग गजाच्या टोकाला स्क्रू लावून बोळे व छरे बाहेर ओढावेत. कोरड्या दारूवर लोखंडी स्क्रू फिरवू नये. हे काम जमत नसेल तर परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून करून घ्यावे. दारू-छऱ्यांचे चार पैसे वाचवण्यासाठी बार नळीत ठेवणे परवडणारे नाही.

पावसाळी हवेत आणखी एक प्रकार घडतो. केप फुटते पण बार उडत नाही. दारू दमट असल्याने ती आत धुमसत राहते आणि काही सेकंदांनी उडते. अशा वेळी बंदूक खाली घेऊ नये आणि माणसांकडे वळवू नये. नळीचे तोंड त्याच दिशेला धरून किमान एक मिनिट थांबावे. दारूच्या बाबतीत एवढेच सांगायचे की ती एका रात्रीला लागेल तेवढीच बरोबर घ्यावी आणि बिडी-काडी असलेल्या खिशात ठेवू नये. बार उडाल्यावर लगेच दुसरा भरताना मोठ्या डब्यातून सरळ नळीत ओतू नये. आत ठिणगी राहिलेली असू शकते. मापाने घेऊन ओतावी.

काडतुसाची बंदूक

एकनळी किंवा दुनळी सांभाळणे त्यामानाने सोपे आहे. वाटेवर चालताना ती मोडून, म्हणजे बिजागरीत उघडून, हातावर घ्यावी. नळ्या रिकाम्या आहेत हे स्वतःला तर दिसतेच, समोरच्यालाही दिसते. मात्र गावातून किंवा रस्त्याने जाताना तिच्यावर आच्छादन हवे, त्याविषयी पुढे येईल. काडतुसे कमरेच्या पट्ट्यात किंवा बंद पिशवीत असावीत. खिशात सुटी ठेवलेली काडतुसे गवतात पडतात व दुसऱ्या दिवशी गुराख्याच्या पोराला सापडतात.

बऱ्याच दुनळ्यांवर अंगठ्याने सरकवण्याचा खटका असतो आणि तो मागे ओढला की बंदूक सुरक्षित झाली अशी समजूत आहे. बहुतेक दुनळ्यांत हा खटका फक्त चाप अडवतो. आतला ताणलेला घोडा तसाच राहतो. बंदूक जोरात आपटली तर खटका लावलेला असूनही बार होऊ शकतो. म्हणून खटक्यावर विसंबू नये, काडतुसे काढावीत.

वाटेवर

गडगा, काट्याची वई, साकव, निसरडी घाटी, माळ्याची शिडी, अशा प्रत्येक जागी आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करावी. दोघे असतील तर एकाने दोन्ही बंदुका धराव्यात, दुसऱ्याने गडगा ओलांडावा आणि मग बंदुका दस्त्याकडून घ्याव्यात. एकटे असाल तर बंदूक गडग्याच्या पलीकडे आडवी, तोंड आपल्यापासून दूर करून ठेवावी आणि थोडे बाजूने चढून जावे. नळीचे तोंड धरून बंदूक आपल्याकडे ओढणे हे कधीही करू नये.

गावातून आणि रस्त्याने जाताना बंदूक उघडी नेऊ नये. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्ण झाकलेली आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असली पाहिजे. जाड कॅनव्हासची किंवा ताडपत्रीची गवसणी शिवून घेतली तरी काम भागते. तिला खांद्याचा पट्टा असावा. पोत्यात गुंडाळून मोटारसायकलच्या कॅरिअरला रबराने बांधण्याची पद्धत सोडून द्यावी. खड्ड्यात बंदूक सुटून पडते आणि पडल्याचे कळतही नाही. दुनळी न्यायची असेल तर ती सुटी करावी. पुढची लाकडी मूठ, नळ्या आणि दस्ता असे तीन भाग होतात. हे भाग गवसणीत घालून ती पाठीला लावावी.

वाटेत थांबणे शक्य तो टाळावे. बंदूक गाडीत ठेवून दुकानात जाऊ नये, मग गाडी जीप असो वा टेम्पो. काच फोडायला वेळ लागत नाही. चहाच्या टपरीवर बाकाला टेकवलेली बंदूक कोणीतरी उचलून पाहतोच. सोयरे भेटतात, गप्पा रंगतात, आणि 'बघू दे जरा' असे म्हणणाऱ्याला नाही म्हणणे जड जाते. येथे थोडा रोखठोकपणा चालवून घ्यावा. दारू प्यायची असेल त्या दिवशी राखणीला बंदूक नेऊ नये, हे वेगळे सांगायला नको; पण पहाटेची थंडी आणि राखणीची सोबत लक्षात घेता सांगून ठेवलेले बरे.

मांगरात आणि बागेत

बाग लांब असली की बंदूक रोज ने-आण करणे जिवावर येते आणि ती मांगरातच ठेवली जाते. पेंढ्यात, पत्र्याच्या आड, पाटावर सुक्या झावळ्यांखाली, अशा जागा जो तो गुप्त समजतो. पण बागेत कामाला येणारे गडी, काजू गोळा करणारी पोरे आणि शेजारी यांना त्या जागा माहीत असतात. लपवणे आणि कुलपात ठेवणे यांत मोठा फरक आहे. चोराला लपवलेली वस्तू शोधायला सबंध दुपार मिळते. मालक बागेत नसताना बंदूक तेथे नसावी हेच खरे. घरी आणता येत असेल तर आणावीच.

राखणीच्या काळात मांगरात झोपावे लागते, जेवायला-पाण्याला उठावे लागते, तेवढ्या वेळापुरती सोय मात्र करता येते. जांभ्याच्या भिंतीत किंवा मांगराच्या मेढीत आरपार बोल्ट घालून लोखंडी कडी बसवावी. बंदूक रिकामी करून तिच्या चापाच्या कड्यातून साखळी ओवावी आणि चांगले कुलूप लावावे. भरलेल्या बंदुकीच्या चापाजवळ साखळी कधीही नेऊ नये. किल्ली स्वतःच्या करगोट्याला किंवा गळ्यात असावी, चौकटीवर नव्हे. काडतुसे, दारू आणि केपा बंदुकीपासून वेगळ्या, दुसऱ्या कुलपात ठेवाव्यात.

बंदूक कुलपात ठेवूनही निकामी करून ठेवता येते. दुनळीची पुढची लाकडी मूठ काढून बरोबर न्यावी. तेवढ्याने बंदूक चोराच्या उपयोगाची राहत नाही. ठासणीच्या बंदुकीचा निपल योग्य पान्याने सुटतो. तो रिकाम्या बंदुकीतून काढून केपांच्या डबीत ठेवावा. गंजून बसलेला निपल मात्र पकडीने पिळू नये, आटे जातात आणि पुढे बार भरल्यावर निपलच उडण्याचा धोका राहतो.

डुकराच्या वाटेवर तार ताणून भरलेली बंदूक बांधून ठेवण्याचा प्रकार अजूनही कोठे कोठे चालतो. तारेला पाय लागला की बार होतो. तो पाय डुकराचाच असेल याची खात्री कोण देणार? पहाटे परसाकडे निघालेला माणूस, लाकूडफाट्याला गेलेली बाई, चुकलेले वासरू, सगळेच त्या वाटेने जातात. हे कृत्य बेकायदा तर आहेच, आणि बंदूक बेवारस सोडण्याचा याहून वाईट प्रकार नाही.

दुसऱ्याच्या हाती बंदूक

परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नसतो. वडिलांच्या नावाची बंदूक घेऊन मुलाने एकट्याने राखणीला जाणे कायद्यात बसत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ३ मध्ये थोडी सवलत आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने दुसऱ्या माणसाला बंदूक नेता येते; मात्र ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठीच. तेव्हा मुलाला तालुक्याला दुरुस्तीसाठी पाठवताना सहीची चिठ्ठी आणि परवाना दोन्ही द्यावे. पगारी राखण्याच्या हाती बंदूक द्यायची असेल तर त्याचे नाव परवान्यावर सेवक म्हणून आधी नोंदवून घ्यावे. एकवीस वर्षांखालील मुलाला बंदूक बाळगण्याचा परवाना मिळत नाही. म्हणून 'आमचा पोरगा नेम चांगला धरतो' या कौतुकाला येथे अर्थ नाही.

परवाना नेहमी जवळ असावा, कारण पोलिसांना तो पाहण्याचा अधिकार आहे. त्यावर क्षेत्र व अटी लिहिलेल्या असतात, त्या एकदा सावकाश वाचून काढाव्यात. पीक संरक्षणासाठी घेतलेली बंदूक त्या क्षेत्राबाहेर विनाकारण नेणे हा अटीचा भंग ठरतो. अटीचा भंग झाल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे. त्यामुळे तारीख विसरणे सोपे झाले आहे. ती घरातील दिनदर्शिकेवर दरवर्षी उतरवून ठेवावी.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. रानडुक्कर आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. हा बदल २०२२ च्या दुरुस्तीने झाला व १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. पिकाचे नुकसान करणारे जनावर मारण्यासाठी वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती नसताना बार टाकला तर बंदूक, परवाना आणि शेतकरी तिघेही अडकतात.

जत्रा, लग्न, दसरा

देवाची जत्रा, पालखी, शाळेचे आवार, सभा, अशा ठिकाणी खास परवानगीशिवाय बंदूक नेता येत नाही. लग्नात किंवा उत्सवात आनंदाने बार उडवून लोकांच्या जिवाला धोका निर्माण केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. वर गेलेले छरे खाली येतातच.

दसऱ्याला शस्त्रपूजा होते आणि वर्षभर खोलीत असलेली बंदूक त्या दिवशी ओसरीवर पाटावर येते. घरात पाहुणे, अंगणात पोरे. पूजेच्या आदल्या दिवशी गजाने तपासून, बंदूक नक्की रिकामी करून, निपल किंवा लाकडी मूठ काढून मगच पाटावर ठेवावी. झेंडूच्या फुलांना त्याने काही कमीपणा येत नाही. आरती झाली की पाहुणे जेवायला बसण्याआधी ती पुन्हा कुलपात जावी.

बंदूक जमा करताना आणि हरवल्यास

निवडणुकीच्या काळात बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि नेमकी तेव्हा राखण चालू असेल तर शेतकरी चडफडतो. आदेश आपल्या नावाने आला आहे काय ते पाहावे. छाननी समितीपुढे पिकाची अडचण लेखी मांडता येते. आदेश लागू असेल तर मात्र मुदतीत जमा करावी. जमा करताना बंदूक रिकामी आणि साफ असावी. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, नळीची स्थिती आणि बरोबर दिलेल्या वस्तूंची नोंद करून घ्यावी. नळीत भरपूर तेल लावून द्यावे, कारण तेथे महिनाभर तिच्याकडे कोणी पाहणार नाही. परवानाधारक मयत झाल्यास वारसांनी बंदूक घरात किंवा मांगरात ठेवून देऊ नये. ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि मग वारसाच्या परवान्यासाठी अर्ज करावा.

बंदूक किंवा काडतुसे हरवली वा चोरीस गेली तर त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणे ही परवान्याची अट आहे. गावातच शोध घेऊ, बोभाटा नको, असे म्हणून दोन-चार दिवस घालवू नयेत. त्या दिवसांत बंदुकीचा वापर झाला तर पहिला प्रश्न परवानाधारकालाच विचारला जातो. तक्रारीत परवान्याचा क्रमांक, त्यावरील विशिष्ट ओळख क्रमांक, बंदुकीचा प्रकार, नळीवर कोरलेला क्रमांक, शेवटी कोठे व केव्हा पाहिली आणि बरोबर किती काडतुसे होती हे लिहावे. परवानाच बंदुकीबरोबर गेला असेल तर ही माहिती ऐनवेळी आठवत नाही. म्हणून परवान्याच्या सर्व पानांची छायाप्रत आणि बंदुकीच्या क्रमांकाची नोंद घरात सातबाराच्या कागदांबरोबर ठेवावी. तक्रारीची पोच मागून घ्यावी आणि तिची एक प्रत परवाना देणाऱ्या कार्यालयात द्यावी.